पाषाणाची पारख

पुण्याच्या पश्चिमेस पाषाण नावाचे गाव होते. आज ते शहराचे उपनगर झाले आहे. तलाव आहे, संशोधनसंस्था आहेत आणि उरलेल्या जागेत इमारतींची दाटी आहे. जेथून दगड निघत असे त्या खाणींच्या खुणा आता शोधूनच काढाव्या लागतात. परंतु जगातील जाणत्या खनिजसंग्राहकापुढे पाषाणचे नाव काढले, तर त्याच्या डोळ्यांसमोर इमारती येत नाहीत; फिकट हिरव्या रंगाचे, काचेसारखे लखलखणारे चौकोनी स्फटिक येतात. त्या खनिजाचे नाव ॲपोफायलाइट. युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत अशा स्फटिकांशेजारी ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्यांवर ‘पूना’ एवढाच पत्ता लिहिलेला आढळतो.

हा हिरवा रंग तांब्यामुळे किंवा लोहामुळे आला असावा, असे पाहणाऱ्यास सहज वाटते. १९७०च्या दशकात त्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा तो व्हॅनेडियम या धातूच्या अत्यल्प अंशामुळे आलेला असल्याचे दिसून आले. शुद्ध ॲपोफायलाइटला स्वतःचा रंगच नसतो. केवळ रंगावरून खनिज ओळखू नये, हा भूशास्त्राच्या पहिल्या वर्गातील पहिला धडा आहे, आणि तो शिकवण्यास पाषाणच्या दगडाहून सोयीचे उदाहरण शोधून सापडणार नाही. मात्र पुण्यात भूशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पाषाणचा दगड येतोच असे नाही. बहुधा तो त्याला पुस्तकातील चित्रातच दिसतो.

हे स्फटिक येथे आले कसे, हे समजण्यासाठी महाराष्ट्राच्या पायाखाली काय आहे ते पाहावे लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर पडला. तो एकदाच पडून थांबला नाही. थरावर थर साचत गेले आणि सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी हजार मीटरांच्या पुढे गेली. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. त्यास शास्त्रात बेसाल्ट म्हणतात. आपल्याकडील जुना शब्द काळवथर. लाव्हा थिजत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे वरच्या बाजूस अडकून राहिले. भाकरी भाजताना तिच्यात पोकळी राहावी, तशा या पोकळ्या. पुढे दीर्घ काळ खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने बेसाल्टमधील द्रव्ये विरघळवून घेतली आणि या पोकळ्यांत आणून ठेवली. प्रथम बहुधा हिरवट मातकट अस्तर बसते. ते सेलॅडोनाइट असेल, तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील हिरवा रंग ज्या हिरव्या मातीपासून केला गेला, तिच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. त्या अस्तरावर मग गार, कॅल्साइट, ॲपोफायलाइट आणि झिओलाइट गटातील अनेक खनिजे वाढत जातात.

म्हणजे ज्या काळ्या दगडाला रस्त्याची खडी यापलीकडे कोणी किंमत देत नाही, त्याच्याच पोटात हे भांडार आहे. दगड फोडल्याशिवाय ते दिसत नाही, आणि दगड फोडणारे यंत्र त्याचा चुराही करून टाकते. महाराष्ट्रातील खनिजांची सारी कथा या एका अडचणीभोवती फिरते.

भूशास्त्राच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्यापुढे मात्र पहिल्या दिवशी खाण येत नाही. समोर येते ती लाकडी खोक्यांची रांग. प्रत्येक कप्प्यात सुपारीएवढा किंवा मुठीएवढा दगड, त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि ठिपक्यावर क्रमांक. जोडीला साहित्य अगदी साधे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, चाकू, लोहचुंबक, काचेचा तुकडा, बिनचकाकीची चिनीमातीची पांढरी फरशी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि तांब्याचे जुने नाणे. आजची आपली बहुतेक नाणी पोलादाची असल्याने ती या कामी उपयोगी पडत नाहीत. तांब्याचा पैसा घरातील जुन्या डब्यांतून शोधावा लागतो. एवढ्या साहित्यावर निम्म्याहून अधिक परिचित खनिजे ओळखता येतात, हे प्रथम ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही.

पहिली परीक्षा कठिनतेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजे निवडून त्यांची क्रमवारी लावली. सर्वांत मऊ शंखजिरे, क्रमांक १. त्यानंतर जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, फेल्स्पार, क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गार, पुष्कराज, कुरुविंद आणि अखेरीस हिरा, क्रमांक १०. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्या क्रमांकाच्या खनिजावर ओरखडा काढते. नखाची कठिनता सुमारे अडीच, तांब्याच्या नाण्याची तीनच्या आसपास, काचेची आणि चाकूच्या पात्याची साडेपाचच्या जवळपास. व्यापारी घरातील वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे आकडे म्हणजे क्रमवारी आहे, मोजमाप नव्हे. नऊ क्रमांकाच्या कुरुविंदापेक्षा दहा क्रमांकाचा हिरा एका पायरीने नव्हे, कित्येक पटींनी कठीण आहे. शाळेतील पहिला आणि दुसरा क्रमांक यांच्यात गुणांचे अंतर किती, हे जसे क्रमांकावरून कळत नाही, तसेच हे.

दुसरी परीक्षा कसाची. सराफी पेढीवर वाढलेल्यास ‘कस’ या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाही, पण भूशास्त्रातील कस थोडा निराळा आहे. सराफ काळ्या कसोटीवर सोन्याची रेघ ओढतो आणि ती ज्ञात शुद्धतेच्या रेघेशी ताडून पाहतो. खनिजशास्त्राचा विद्यार्थी पांढऱ्या फरशीवर खनिज घासतो आणि उमटलेल्या रेघेचा, म्हणजे खनिजाच्या भुकटीचा, रंग पाहतो. खनिजाचा बाहेरचा रंग फसवा असला तरी भुकटीचा रंग सहसा फसवत नाही. पोलादासारखे चमकणारे काळसर हेमॅटाइट फरशीवर घासले की गेरूसारखी तांबडी रेघ उमटते, आणि त्यात नवल नाही, कारण गेरूचा रंग हेमॅटाइटचाच असतो. पितळेसारखे पिवळे पायराइट अनेकांना सोन्याचा भास घडवते. त्याची रेघ मात्र हिरवट काळी उमटते, आणि सोन्याची रेघ पिवळीच राहते. शिवाय सोन्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १९.३, तर पायराइटचे केवळ ५ च्या आसपास. दोन्ही हातांत धरणाऱ्यास फरशीचीही गरज पडू नये.

या विद्येला आपल्याकडे परंपरा नव्हती असे नाही. दिल्लीत खिलजी राजवटीत ठक्कुर फेरू नावाचे जैन अधिकारी कोषागार आणि टांकसाळीच्या कामाशी संबंधित होते. त्यांनी इ.स. १३१५ मध्ये ‘रयणपरिक्खा’ हा रत्नांच्या परीक्षेवरील ग्रंथ प्राकृत भाषेत लिहिला आणि १३१८ मध्ये नाण्यांच्या परीक्षेवर ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. रत्न आणि नाणे या दोहोंची पारख एकाच माणसाने ग्रंथबद्ध करावी, हे स्वाभाविक होते. खजिन्यात दोन्ही येत आणि दोन्हींत खोटे मिसळलेले असे. फेरूंच्या काळात डोळा, हात आणि अनुभव हीच साधने होती. त्यात पुढे भर पडली ती रासायनिक घटकांची.

घटक कळल्यावर जुन्या समजुती कशा उलटतात, याचे उदाहरण जवाहिऱ्यांच्या परिचयाचे आहे. माणिक तांबडे आणि नीलम निळा. परंपरेने दोन निराळी रत्ने. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच, कुरुविंद म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. एकात क्रोमियमचा अल्प अंश, दुसऱ्यात लोह आणि टायटॅनियमचा. याउलट स्पिनेल हे तांबडे खनिज कित्येक शतके माणिक म्हणून मिरवले. त्यात ॲल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियमही असते आणि त्याची घडण सर्वस्वी वेगळी असते. इंग्लंडच्या राजमुकुटातील ज्या मोठ्या तांबड्या रत्नास ब्लॅक प्रिन्सचे माणिक म्हणतात, ते स्पिनेलच आहे.

पांढऱ्या खनिजांची गोष्ट याहून अवघड आहे, आणि महाराष्ट्राची खनिजे बहुतांशी पांढरी किंवा रंगहीन आहेत. गार आणि कॅल्साइट हे दोन तुकडे शेजारी ठेवले तर नवख्यास दोन्ही सारखेच दिसतात. चाकूने गारेवर ओरखडा उठत नाही, कॅल्साइटवर उठतो. आम्लाचा थेंब कॅल्साइटवर पडताच फसफसतो, कारण त्यातील कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. गार निर्विकार राहते. कॅल्साइट फुटते ते तिरप्या चौकटीसारख्या गुळगुळीत पातळ्यांवर. यास पाटन म्हणतात. गारेला पाटन नाही. ती शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वक्र फुटते. ॲपोफायलाइटला एकाच दिशेने उत्कृष्ट पाटन असते आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते. या चमकेमुळे जुन्या काळी त्यास ‘मत्स्यनेत्र पाषाण’ अशा अर्थाचे ग्रीक नाव होते.

झिओलाइट हे नावही ग्रीकच. १७५६ मध्ये ॲक्सेल क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने एक खनिज ज्योतीत धरले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून ‘उकळणारा दगड’. त्या उकळण्याचे कारण पाणी. झिओलाइटची घडण सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीदार चौकटीची असते. चौकटीच्या पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियम असे घटक आणि पाण्याचे रेणू राहतात. अनेक झिओलाइटांतील पाणी तापवल्यावर निघून जाते, चौकट तशीच उभी राहते, आणि दमट हवेत पाणी पुन्हा परत येते. भाडेकरू बदलले तरी चाळ तीच राहावी तसे. या गुणामुळेच कारखान्यात तयार केलेली झिओलाइटे आज पाणी मृदू करण्यास, पेट्रोलियम शुद्धीकरणात आणि कपडे धुण्याच्या भुकटीत वापरली जातात. किराणा दुकानात भुकटीची पाकिटे विकणाऱ्याच्या मनातही नसेल, की आपल्या गावच्या खाणीतील पांढऱ्या सुयांचे भाऊबंद या पाकिटात आहेत.

या पांढऱ्या सुयांपाशी थोडे थांबायला हवे. दख्खनच्या पोकळ्यांत कापसाच्या तंतूसारख्या किंवा ताठ सुयांसारख्या स्फटिकांचे झुबके आढळतात. त्या जातीची तीन सख्खी खनिजे आहेत: नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट आणि मेसोलाइट. नॅट्रोलाइटच्या एका मात्रेत सोडियमचे २ अणू, ॲल्युमिनियमचे २, सिलिकॉनचे ३, ऑक्सिजनचे १० आणि पाण्याचे २ रेणू असतात. स्कोलेसाइटमध्ये २ सोडियमऐवजी १ कॅल्शियम आणि पाण्याचे ३ रेणू, बाकी तेच. मेसोलाइट या शब्दाचा अर्थच ‘मधला दगड’. एक मात्रा नॅट्रोलाइट आणि दोन मात्रा स्कोलेसाइट यांची बेरीज केली, की मेसोलाइटचे सूत्र मिळते: सोडियम २, कॅल्शियम २, ॲल्युमिनियम ६, सिलिकॉन ९, ऑक्सिजन ३०, पाणी ८. एकही अणू शिल्लक राहत नाही, एकही कमी पडत नाही. वर्षअखेरीस ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पहिल्या प्रयत्नात जुळाव्यात, इतके हे नेटके आहे. तथापि कागदावर इतका स्पष्ट असलेला हा फरक डोळ्याला दिसत नाही. पुण्याच्या आसपास मिळालेल्या अशाच सुयांना एकोणिसाव्या शतकात ‘पूनालाइट’ असे स्वतंत्र नाव दिले गेले होते. पुढे ते मेसोलाइटच असल्याचे ठरले आणि खनिजांच्या यादीतून पुण्याचे नाव उतरले.

चूक झाली ती जाणकारांकडून, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट ही दोन झिओलाइटेही अनेक वर्षे एकच मानली जात. १८२२ मध्ये ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने ह्युलँडाइटला वेगळे नाव दिले. आज विद्यार्थी ती आकारावरून ओळखतो: स्टिल्बाइट गव्हाच्या मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे, दोन्ही टोकांना पसरलेले, ह्युलँडाइट शवपेटीसारखे, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळते. दोन्हींची कठिनता जवळजवळ सारखी, दोन्हींवर मोत्याची चमक. स्फटिक मोडका असेल तर अनुभवी प्राध्यापकही लगेच उत्तर देत नाहीत.

येथे प्रयोगशाळेतील खोक्यांविषयी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. वर्षानुवर्षे तेच तुकडे, तेच क्रमांक. परीक्षा जवळ आली की विद्यार्थी खनिज नव्हे, तुकडा पाठ करतात. कोपरा तुटलेला तो बराइट, ज्यावर शाईचा डाग तो जिप्सम. बराइटची खरी ओळख त्याच्या वजनात आहे; त्याचे विशिष्ट गुरुत्व ४.५ असल्याने पांढरा, साधासा दिसणारा दगड हातात घेताच अनपेक्षित जड लागतो. पण ज्याने कोपरा पाठ केला त्याने तो कधी तळहातावर तोललेलाच नसतो. असा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो आणि खाणीत उभा केला की गोंधळतो, कारण तेथे दगडांवर क्रमांक नसतात. नोटांची पुडकी मोजणाऱ्या जुन्या रोखपालाचे बोट खोट्या नोटेवर आपोआप अडखळत असे. ते बोट पुस्तकाने घडवलेले नव्हते. हजारो खऱ्या नोटांच्या स्पर्शाने घडले होते. खनिजांचेही तेच आहे, आणि म्हणून खाणीपर्यंत जाण्यास पर्याय नाही.

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली लागते. जैन वाचकांना हे नाव १९९३ च्या लातूर भूकंपानंतर तेथे उभ्या राहिलेल्या शैक्षणिक पुनर्वसन केंद्रामुळे परिचित आहे. खनिजांच्या जगात ते कॅव्हन्साइटमुळे परिचित आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या आद्याक्षरांतून हे नाव बनले. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९६०च्या दशकात ते प्रथम सापडले, तेही थोडेसे. वाघोलीच्या दगडखाणींत मात्र त्याचे गडद निळे गुच्छ पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले मिळू लागले, आणि जगातील उत्कृष्ट कॅव्हन्साइटचे स्थान म्हणून वाघोलीचे नाव ग्रंथांत गेले. त्याच खाणींत पेंटॅगोनाइट हे दुसरे निळे खनिजही आढळते. दोहोंचे रासायनिक घटक तंतोतंत सारखे; फरक फक्त अणूंच्या मांडणीत. घटक सारखे म्हणजे खनिज एकच, अशी समजूत करून घेतलेल्या विद्यार्थ्याला वाघोलीत ती सोडून द्यावी लागते. हिरा आणि पेन्सिलीतील ग्रॅफाइट दोन्ही शुद्ध कार्बन, हे त्याने शाळेत ऐकलेले असते, पण हिरा हाती घेऊन पाहणे कोणत्या विद्यार्थ्याला परवडते?

वाघोलीच्या खाणी कॅव्हन्साइटसाठी खणलेल्या नाहीत. त्या खडीसाठी आहेत. पुण्याची वाढ ज्या दगडावर झाली तो येथून आणि आसपासच्या टेकड्यांतून गेला. सुरुंग उडाला, दगड ट्रकमध्ये भरला गेला आणि क्रशरच्या तोंडात पडला, की त्यातील स्फटिकाचे आयुष्य संपते. जो तुकडा वाचतो तो एका माणसाने क्षणभर हात थांबवल्यामुळे वाचतो. पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम करणाऱ्या वडार समाजातील अनेकांना कोणत्या थरात पोकळी लागते आणि तेथे घण किती जपून घालावा, याचे ज्ञान असते. पुस्तकात त्याची नोंद नाही. अमेरिकेत टुसॉन येथे दर वर्षी भरणाऱ्या खनिजप्रदर्शनात भारतीय झिओलाइटांना चांगली किंमत मिळते; खाणीच्या तोंडाशी मिळणारी किंमत आणि तेथील किंमत यांतील अंतर किती, याचा अंदाज व्यापारी वाचकाने स्वतःच करावा. यात मधल्या व्यापाऱ्यास सरसकट दोष देणेही न्याय्य नाही. त्याने तो तुकडा विकत घेतला नसता, तर त्याची खडी झाली असती.

अशी हानी आणि असा लाभ एकाच वेळी होण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८५६ ते १८६३ या काळात भोर घाटातून रेल्वेमार्ग काढला गेला. बोगदे आणि कापणी करताना हजारो मजुरांनी प्राण गमावले. त्याच कामात ॲपोफायलाइट आणि स्टिल्बाइटचे असे नमुने निघाले, की ते पाहून युरोपातील संग्राहक थक्क झाले. ते नमुने तिकडेच राहिले.

आता शहर खाणींच्या पुढे गेले आहे. पुण्याच्या भोवतालच्या कित्येक जुन्या खाणींत पाणी साचले, कित्येक भराव टाकून बुजवल्या गेल्या. घरे हवीत आणि त्यासाठी जागा हवी, याविषयी वाद नाही. पण प्रत्येक खाण बुजताना एखादी उघडी भिंत, वीस-पंचवीस मीटरांची का होईना, विद्यार्थ्यांसाठी कुंपण घालून राखता आली असती. तो खर्च एखाद्या संकुलाच्या प्रवेशद्वारावरील शोभेच्या खडकांहून अधिक झाला नसता.

वाघोलीनंतर अभ्यास-सहल उत्तरेकडे नाशिक रस्त्याला वळते. राजगुरुनगर ओलांडून मंचर आले, की काळ्या दगडाचा आणखी एक प्रकार पाहण्यास मिळतो. सामान्य बेसाल्टमधील खनिजे इतकी बारीक असतात, की ती डोळ्यांना दिसत नाहीत. ती पाहण्यासाठी दगडाचा काप घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करावा लागतो; मग काळा दगड काचेसारखा पारदर्शक होतो आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेज फेल्स्पारच्या पट्ट्या, ऑजाइटचे कण आणि मॅग्नेटाइटचे काळे ठिपके स्पष्ट होतात. असा ध्रुवित प्रकाश मिळवण्याचा पहिला सोयीचा लोलक १८२८ मध्ये विल्यम निकोल यांनी बनवला, तो कॅल्साइटच्या स्वच्छ स्फटिकापासून. मंचरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरात मात्र सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. त्यात प्लॅजिओक्लेजचे फिकट स्फटिक काही सेंटीमीटर लांबीचे आहेत, भाताची लोंबी विखुरल्यासारखे. पुस्तकात वाचलेले फेल्स्पार विद्यार्थ्याला येथे खडकाच्या अंगावर प्रथमच स्वच्छ दिसते.

सह्याद्रीतील थरांना भूशास्त्रज्ञांनी नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी गावांची आणि घाटांची नावे दिली आहेत. त्यांपैकी बरेच थर डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांची ओळख पटते ती टायटॅनियम, स्ट्राँशियम अशा घटकांच्या प्रमाणावरून. खडकाचे कुलवृत्त त्याच्या रसायनात लिहिलेले असते.

याचा पुरावा पुढे कुकडी नदीकाठी बोरी येथे मिळतो. नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या परिसरातील या गावी नदीकाठच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तो अभ्यासकांपुढे आणला. ज्वालामुखीची राख आणि तीही महाराष्ट्रात, तेव्हा ती सह्याद्रीचीच, असे कोणासही वाटेल. पण त्या राखेतील काचकणांत सिलिकाचे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे. बेसाल्टमध्ये ते निम्म्याच्या जवळपास असते. ही राख येथली नव्हे. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून, समुद्र ओलांडून आली. टोबाच्या कोणत्या उद्रेकातून, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून फार जुन्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बोरीच्या शेतकऱ्याच्या बांधालगत इंडोनेशियाची धूळ पडलेली आहे, आणि ते सांगते केवळ तिचे घटक.

संगमनेरवरून सिन्नर गाठले, की तेथील औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ हे खासगी खनिजसंग्रहालय आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी गावाशी त्याचा संबंध नाही. गारगोटी म्हणजे गारेचा खडा, मुले खेळताना ठिणगी पाडतात तो. नौदलात सेवा केलेल्या के. सी. पांडे यांनी हा संग्रह उभा केला. जळगाव, नाशिक, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतील नमुने येथे काचेआड प्रकाशात मांडलेले आहेत. पेंढीसारखे गुलाबी स्टिल्बाइट, कापसाच्या बोंडासारखे पांढरे ओकेनाइट, आणि हिरवे ॲपोफायलाइट. राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे २००१ मध्ये विहीर खोदताना हिरव्या ॲपोफायलाइटचे जे गोलाकार पुंज निघाले, त्यांची ख्याती जगभर झाली. खोदणाऱ्यांना हवे होते ते पाणी.

विद्यार्थ्याची येथे निराळी कसोटी लागते. काचेआडच्या नमुन्यावर ना चाकू चालवता येतो, ना आम्लाचा थेंब टाकता येतो, ना तो तळहातावर तोलता येतो. केवळ आकार, चमक आणि सोबतची खनिजे पाहून उत्तर द्यायचे. चांगले शिक्षक चिठ्ठी झाकून विचारतात. ज्याने खाणीत बसून पन्नास तुकडे फोडले, त्याला बहुतेक वेळा बरोबर सांगता येते. ज्याने फक्त खोकी पाठ केली, तो चिठ्ठीकडे मान वळवतो.

परतीच्या गाडीत पिशव्या उघडल्या जातात. वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे बाहेर निघतात आणि प्रत्येकासोबत चिठ्ठी लिहिली जाते: गाव, खाण, थर, जवळ कोणती खनिजे होती, तारीख. स्थळाची नोंद नसलेला नमुना शोभेला ठेवता येतो, अभ्यासाला नाही. पाषाणच्या जुन्या स्फटिकांबरोबर असलेल्या ‘पूना’ या एका शब्दामुळेच आज त्यांचे मूळ सांगता येते. वाघोलीहून आणलेल्या पिशवीत पांढऱ्या सुयांचा एखादा झुबका हमखास असतो. भिंगाखाली तो स्कोलेसाइट दिसतो, आणि मेसोलाइटही तितकाच. क्ष-किरणांच्या यंत्राखाली त्याची तपासणी होईपर्यंत चिठ्ठीवर स्थळ लिहिलेले असते आणि नावाची जागा कोरी ठेवलेली असते.